हाक आणि गंध

विदर्भाला वनांचे मोठे वैभव लाभले आहे. नागपूरच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी, पेंच नदीच्या काठाने सागाचे विस्तीर्ण अरण्य पसरले आहे. पूर्वेस नागझिरा व नवेगाव, दक्षिणेस ताडोबा आणि नैर्ऋत्येस बोर अशी एकाहून एक सुंदर वने या नगराच्या आसमंतात आहेत. या वनांत प्रथमच जाणाऱ्या मनुष्यास ती अगदी निःशब्द भासतात. परंतु ज्याचे कान तयार झाले आहेत, त्याला तेथे अखंड चाललेले संभाषण ऐकू येते. या संभाषणाची दोन साधने आहेत : एक हाक आणि दुसरे गंध. वाघाच्या आणि बिबळ्याच्या शेजारी राहणाऱ्या हरणांचे सारे जीवित या दोन साधनांवर अवलंबून असते. म्हणूनच पूर्वीचे शिकारी हीच दोन साधने हस्तगत करण्याचा प्रयत्न करीत.

'मृग' या शब्दाचाच विचार करा. संस्कृत व्याकरणकारांनी 'मृग्' या धातूचा अर्थ 'शोधणे' असा सांगितला आहे. प्राचीन काळी मृग म्हणजे कोणताही रानपशू; पुढे तो शब्द विशेषेकरून हरणाला लावण्यात येऊ लागला. शिकारीला 'मृगया' म्हणतात, ते यावरूनच. हरिणाचा माग काढावयाचा, तर प्रथम त्याची भाषा जाणली पाहिजे. आपण ती थोडीशी जाणून घेऊ.

आपल्या वनांत चितळ, सांबर आणि भेकर अशी तीन प्रकारची हरणे मुख्यतः आढळतात. तिघांच्या हाका भिन्न आहेत. चितळाच्या तांबूस अंगावर पांढरे ठिपके असतात व ते कळपाने राहते. त्याची धोक्याची हाक उंच व तीक्ष्ण असते; एखाद्याने अवचित शीळ घालून ती मध्येच तोडावी तशी. सांबर हे भारतातील सर्वांत मोठे हरीण. ते बहुधा रात्री चरते आणि दिवसा दाट झाडीत विसावते. संकटाची चाहूल लागताच ते शेपटी ताठ उभारते, पुढचा पाय जमिनीवर आपटते आणि 'ढाँक्' असा घणघणीत आवाज काढते. निस्तब्ध रात्री हा आवाज दऱ्याखोऱ्यांतून फार दूरवर जातो. भेकर हे शेळीएवढे लहान व एकलकोंडे हरीण. परंतु त्याचा आवाज थेट कुत्र्याच्या भुंकण्यासारखा असतो. एकदा भुंकू लागले म्हणजे ते कधी कधी तासभरही थांबत नाही.

या हाका ऐकून अरण्यातील जाणता मनुष्य पुष्कळ अनुमाने काढतो. चितळ स्वभावाने भित्रे; एखादे पान सळसळले तरी ते कधी कधी ओरडते. म्हणून एकट्या चितळाच्या एका हाकेवर तो विसंबून राहत नाही. कळपातील अनेक चितळे एकाच दिशेकडे तोंड करून पुनःपुन्हा हाका देऊ लागली, तर मात्र तो सावध होतो. सांबराची साक्ष याहून भरवशाची मानतात. सांबर सहसा उगाच ओरडत नाही. ते एकसारखे ओरडत असेल, तर जवळच वाघ अथवा बिबळ्या असावा, असे समजावे. हाकांचे स्थान हळूहळू सरकत गेले, तर श्वापद चालत आहे आणि कोणत्या बाजूस चालत आहे हेही कळते. अशा रीतीने दृष्टीस न पडलेल्या वाघाचा मार्ग नुसत्या कानांनी आखता येतो.

या पहाऱ्यात हरणांना एक उत्तम सोबती मिळाला आहे. तो म्हणजे काळतोंड्या वानर. वानरे झाडाच्या शेंड्यावर बसतात, त्यामुळे त्यांना दूरचे दिसते. हरणे जमिनीवर चरतात, त्यामुळे त्यांना जवळच्या झुडपात दडलेल्या शत्रूचा वास येतो. एकाचे डोळे आणि दुसऱ्याचे नाक अशी ही जोडी आहे. वानरे पाला व फळे खाताना पुष्कळ खाली टाकतात. ती वेचण्यासाठी चितळे त्या झाडाखाली गोळा होतात. वाघ दिसताच वानर खाकरल्यासारखा कर्कश आवाज काढते आणि खालची चितळे तत्काळ सावध होतात. चितळांनी हाक दिली, तर वानरेही आपली जागा सोडून वर चढतात. दोघांची भाषा भिन्न. तथापि संकटाचा अर्थ दोघांनाही कळतो.

सर्वच हाका संकटाच्या नसतात. पाडस आईला हाक मारते, तेव्हा तिचा सूर बारीक व आर्त असतो. चितळांचा मीलनकाळ आपल्याकडे मुख्यतः उन्हाळ्यात येतो. त्या दिवसांत चितळाचा नर मान पुढे ताणून लांबलचक डरकाळी देतो आणि इतर नरांना आपल्या बळाची जाणीव करून देतो. वैशाखातील पहाटे पेंचच्या अरण्यात हा घोष सर्वत्र घुमत असतो. सांबराचा मीलनकाळ हिवाळ्याच्या प्रारंभी असतो. हाक ऐकून ती कोणाची, कोणत्या ऋतूतील व कशासाठी, हे ओळखणे म्हणजे अरण्याच्या भाषेचे व्याकरण शिकणेच होय.

आता गंधाकडे वळू. हाक क्षणात विरते; गंध मागे राहतो. म्हणून हाक हे बोलणे मानले, तर गंध हे लेखन मानावे लागेल. हरणाच्या डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यापाशी एक खाच असते. तिच्यातील ग्रंथीतून उग्र वासाचा द्रव पाझरतो. हरीण ती खाच डहाळ्यांवर व गवताच्या काड्यांवर घासते आणि तेथे आपल्या वासाची खूण ठेवते. चितळाचा नर तर कधी कधी मागच्या दोन पायांवर उभा राहून उंच फांदीपर्यंत तोंड नेतो व तिच्यावर आपली खूण करतो. सांबराचा नर चिखलात लोळतो आणि मग झाडाच्या बुंध्याला अंग घासतो. हरणांच्या पायांच्या खुरांमध्येही गंधाच्या ग्रंथी असतात. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक पावलागणिक वाटेवर वासाची पुसट ओळ उमटत जाते. मागून येणारे हरीण नाक जमिनीशी नेऊन ती ओळ वाचते : येथून कोण गेले, नर की मादी, आताच की काल.

हे वाचन करणारे हरणाचे नाक मनुष्याच्या नाकापेक्षा कितीतरी पटींनी तीक्ष्ण असते. ते बहुधा ओलसर असते व हवेतील गंधाचे सूक्ष्म कण त्या ओलाव्यावर सहज टिकतात. पाडसाच्या बाबतीत मात्र निसर्गाने उलट योजना केली आहे. नवजात पाडसाच्या अंगाला वास फारच अल्प असतो. हरिणी त्याला चाटून स्वच्छ ठेवते, गवतात लपवते आणि आपण थोडी दूर चरत राहते. तिचा स्वतःचा वास शत्रूला पाडसापर्यंत आणू नये, म्हणून ही दक्षता. वनात किंवा शेताच्या बांधावर एकटे पाडस दिसले, तर ते अनाथ आहे असे समजून पुष्कळ लोक दयेपोटी त्याला उचलून घरी आणतात. ही दया त्याच्या जिवावर बेतते. कारण त्याची आई बहुधा जवळच माणूस दूर जाण्याची वाट पाहत असते.

गंधाला वाहून नेणारा दूत म्हणजे वारा. वारा हरणाकडून मनुष्याकडे वाहत असेल, तर मनुष्य त्याच्या बराच समीप जाऊ शकतो. पण तोच वारा पाठीमागून वाहत असेल, तर शेकडो पावलांवरूनही हरणाला त्याचा सुगावा लागतो. म्हणून जुने शिकारी मुठीत राख अथवा बारीक माती घेऊन ती हळूच खाली सोडीत व ती कोणीकडे उडते ते पाहत. डोंगराळ भागात आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी लागते. दिवस चढला की उतारावरची हवा तापून वर जाऊ लागते. सायंकाळी तीच हवा थंड होऊन नाल्याच्या वाटेने खाली उतरते. सायंकाळी उतारावर बसलेल्या मनुष्याचा वास खालच्या पाणवठ्यावर आपोआप जाऊन पोहोचतो आणि मग पाण्यावर येणारी हरणे मागच्या पावलीच परततात. उंच मचाणावर बसण्याचा एक लाभ हाच, की तेथून वास पुष्कळदा प्राण्यांच्या डोक्यावरून निघून जातो. विडी, सुवासिक तेल, अत्तर यांना मचाणावर मज्जाव असे.

आतापर्यंत आपण अरण्यातील खरी हाक आणि खरा गंध पाहिला. शिकाऱ्याची कला पुढे सुरू होई. कारण तो खोटी हाक देई आणि खोटा गंध पसरवी. ही कला फार प्राचीन आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजांच्या विनोदांमध्ये मृगयेचेही सविस्तर वर्णन आहे आणि पाळीव हरणांच्या साहाय्याने रानातील हरणांना जवळ आणण्याची युक्ती सांगितली आहे. आपल्या जातीचे हरीण निर्धास्तपणे चरताना पाहून रानातले हरीण पुढे येई आणि फसे. विदर्भातील फासेपारध्यांचे कौशल्य याहून निराळे. शिकवलेल्या गाईच्या आडोशाने ते माळावरच्या काळविटांच्या जवळ जात व फासे मांडीत. तित्तराची हुबेहूब साद घालून ते रानातल्या तित्तरांना बोलावून घेत. पोटासाठी आत्मसात केलेली ती विद्या होती आणि ती पित्याकडून पुत्राकडे चालत आली होती.

दूरच्या देशांतही अशीच विद्या आढळते. जर्मनीत 'रो' नावाच्या लहान हरणाचा मीलनकाळ जुलै-ऑगस्टमध्ये असतो. तेथील शिकारी बीच वृक्षाचे पान ओठांशी धरून फुंकतात आणि मादीचा बारीक आवाज काढतात. या शिकारीला त्यांच्या भाषेत 'पानाची शिकार' याच अर्थाचे नाव आहे. कॅनडातील आदिवासी भूर्ज वृक्षाच्या सालीचा कर्णा करीत आणि त्यातून मूस या प्रचंड हरणाच्या मादीची हाक घालीत. ती ऐकून नर सरोवराच्या काठी येई. अमेरिकेत हरणाच्या मूत्राचा वास पसरवून नराला भुलवण्याची चाल आहे आणि त्यासाठी मूत्राच्या कुप्या विकत मिळतात. तथापि हरणांना झिजवून मारणारा एक असाध्य रोग या द्रवातून पसरेल या भीतीने तेथील काही राज्यांनी अशा कुप्यांवर बंदी घातली आहे. एक खोटा गंध सबंध कळपाच्या जिवावर कसा उठू शकतो, याचे हे उदाहरण होय.

या संदर्भात वाघाविषयीची एक जुनी समजूत मनोरंजक आहे. वाघ कधी कधी 'पूक्' असा एक आवाज काढतो. तो सांबराच्या हाकेशी पुष्कळ जुळतो. सांबराला फसवून जवळ आणण्यासाठीच वाघ ही नक्कल करतो, असे पूर्वीचे काही शिकारी मानीत. या समजुतीला पुरावा मिळालेला नाही. आपण इतरांना हाक मारून फसवतो, तेव्हा वाघही तसेच करीत असेल, असे मनुष्याला वाटले असावे.

येथे क्षणभर थांबून विचार करा. पाडसाची आर्त हाक ऐकून हरिणी धावत येते, ती आपल्या अपत्याला वाचवण्यासाठी. मादीची हाक ऐकून नर येतो, तो आपला वंश पुढे चालवण्यासाठी. ज्या हाकेवर सारे जीवन विसंबलेले आहे, तीच हाक मृत्यूचे आमिष झाली, तर तो प्राणी कोणावर विश्वास ठेवील? पोटासाठी एखादे हरीण मारणाऱ्या वनवासी मनुष्याने अरण्य ओस पाडले नाही. पण पुढे हातात दूरवर मारा करणाऱ्या बंदुका आल्या, मोटारी आल्या, रात्री डोळे दिपवणारे प्रखर दिवे आले आणि केवळ मौजेखातर शिकार करणाऱ्यांची संख्या वाढली. वनेही झपाट्याने तुटू लागली. तेव्हा हरणांचे कळप विरळ झाले आणि त्यांच्यावर जगणारे वाघही कमी झाले.

हे संकट ओळखून स्वतंत्र भारताने पावले उचलली. १९५५ साली ताडोबा हे राष्ट्रीय उद्यान झाले. महाराष्ट्रातील ते सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान होय. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि १९९१ साली तो अधिक कडक करण्यात आला. १९७५ साली पेंच हेही राष्ट्रीय उद्यान झाले. आज चितळ, सांबर, भेकर यांपैकी कोणत्याही प्राण्याची शिकार करणे हा गुन्हा आहे. एवढेच नव्हे, तर सापळा लावून अथवा भुलवून त्याला पकडण्याचा नुसता प्रयत्नही कायद्याने शिकारच ठरतो.

मग हाकेची आणि गंधाची ती जुनी विद्या व्यर्थ गेली काय? मुळीच नाही. विद्या तीच राहिली. तिचा उपयोग मात्र पालटला. कुमाऊँच्या डोंगरांत नरभक्षक वाघांच्या शिकारीसाठी विख्यात झालेले जिम कॉर्बेट वाघाच्या हाकेची उत्तम नक्कल करीत. पुढे त्यांनी मौजेची शिकार सोडली, हाती कॅमेरा घेतला आणि अरण्याची भाषा कशी शिकावी हे १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या 'जंगल लोर' या पुस्तकात सांगितले. आपल्या महाराष्ट्रात मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून नवेगाव, नागझिरा व मेळघाट येथील वनांत दीर्घकाळ काम केले. वनवासी बांधवांना मुखोद्गत असलेले अरण्याचे ज्ञान त्यांनी आदराने ऐकून घेतले आणि पशुपक्ष्यांची, वृक्षांची कित्येक नावे मराठी भाषेत आणली. २००६ साली ते सोलापूर येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२५ साली त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला व त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. जे ज्ञान केवळ पारध्याच्या कामी येत असे, ते अशा लोकांमुळे सर्व वाचकांचे धन झाले.

आजचा वनरक्षक हीच विद्या प्रतिदिनी वापरतो. पहाटे गस्तीवर निघताना तो प्रथम उभा राहून हाका ऐकतो, वाऱ्याचा अंदाज घेतो आणि मग वाट धरतो. दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या रात्री विदर्भातील वनांत मचाणांवर माणसे बसतात. त्या दिवसांत रानातील पाणी आटलेले असते आणि उरलेल्या थोड्या पाणवठ्यांवर प्राण्यांना यावेच लागते. टिपूर चांदण्यात कोणते प्राणी किती आले, याची नोंद वहीत होते. मचाण तेच, वाऱ्याची काळजी तीच, निश्चल बसणेही तेच; फक्त बंदुकीच्या जागी लेखणी आली आहे.

वनाच्या कडेला राहणाऱ्यांना तर या विद्येची गरज जिवाइतकी आहे. चैत्रात पहाटेच मोहफुले वेचण्यासाठी आणि पुढे मे महिन्यात तेंदूची पाने तोडण्यासाठी चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतील सहस्रावधी स्त्रीपुरुष रानात जातात. वाकून फुले वेचणाऱ्याला झुडपामागचा वाघ दिसत नाही. या दिवसांत वाघाच्या हल्ल्यात माणसे दगावल्याच्या दुःखद घटना घडतात. अशा वेळी वानराचे खाकरणे अथवा सांबराची हाक हीच त्यांना मिळणारी पहिली आणि कधी कधी एकमेव सूचना असते. गावातील अनुभवी स्त्रिया ती ऐकताच सोबतिणींना एकत्र बोलावतात, मोठ्याने बोलू लागतात आणि हळूहळू मागे सरतात. आपल्यासाठी नसलेली हाक ऐकून त्यांचे प्राण वाचतात. हरीण आपल्या कळपाला सावध करते आणि नकळत मनुष्यालाही सावध करून जाते.

तुम्ही कधी पेंचला किंवा ताडोब्याला गेलात, तर एवढे करा. अत्तर लावू नका, भडक रंगाचे कपडे घालू नका आणि मोठ्याने बोलू नका. प्राण्यांच्या आवाजाची नक्कल करून त्यांना हाक मारू नका, अथवा यंत्रावर मुद्रित केलेले आवाज तेथे ऐकवू नका. कारण वनात कोणतीही हाक निरर्थक मानली जात नाही, ती ऐकणारा प्राणी तिच्यावर विश्वास ठेवून आपला चारा सोडतो, पाणी सोडतो, पाडस सोडतो. शांत बसा. वारा कोणीकडून येतो ते पाहा. दूर कोठेतरी चितळ ओरडेल. त्याच्याकडे कान द्या. मग वानर खाकरेल, त्याच्याकडेही द्या. अखेर सांबराची घणघणीत हाक आली, तर समजा, की वनाचा राजा वाटेवर आहे. तो दृष्टीस पडला नाही, तरी खंत करू नका. अरण्याने आपल्या भाषेत तुम्हांला एक वार्ता सांगितली आणि तुम्हांला ती समजली, हा लाभ लहान नाही.